पुल्ड बुलेट निवडायच्या कशा? स्वस्तातल्या प्रॅक्टिस राऊंडसाठी

१४७ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) हजार बुलेट म्हणजे बरोबर २१ पाऊंड, साडेनऊ किलो. पहिल्यांदा मागवल्या तेव्हा खोका बुटाच्या डब्याएवढाच आला आणि मी एका हाताने उचलायला गेलो, तर पोस्टमनच हसला. बायकोला वाटलं भारतातून मसाले आलेत.

मी ओहायोत राहतो, .३०८ ची एक साधी बोल्ट अॅक्शन रायफल आहे, महिन्यातून दोनदा क्लबच्या रेंजवर १०० आणि २०० यार्डावर कागदावर भोकं पाडायला जातो, शिकार वगैरे काही नाही. फॅक्टरीचे राऊंड विकत घेऊन एवढी प्रॅक्टिस करणं परवडत नाही म्हणून रीलोडिंग, म्हणजे रिकामी पुंगळी घरी परत भरणं, शिकलो, आणि रीलोडिंगमध्ये सगळ्यात महाग पडते ती बुलेट, कारण पुंगळी परत परत वापरता येते पण बुलेट एकदा गेली की गेली. म्हणून ही पुल्ड बुलेटची वाट धरली. दोन-तीन मराठी मित्रांनी विचारलं कसं करतोस, त्यांना प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी शब्द सरळ करून घेऊ कारण आपल्याकडे सगळ्यालाच "गोळी" म्हणतात. पूर्ण काडतूस म्हणजे राऊंड. त्याचे चार भाग, पितळेची पुंगळी, तळाला प्रायमर, आत दारू आणि पुढे बसवलेली ती टोकदार बुलेट. मी जे बोलतोय ते फक्त शेवटच्या भागाबद्दल. लष्कराचा जुना किंवा नाकारलेला माल मोडीत काढताना राऊंड उघडतात, बुलेट ओढून बाहेर काढतात, आणि त्या किलोच्या भावात विकल्या जातात, त्याच या पुल्ड बुलेट. दुसराही एक उगम आहे. नेमबाजीच्या मॅच खेळणारे लोक लष्करी राऊंडमधली साधी बुलेट काढून तिच्या जागी मॅच बुलेट, म्हणजे स्पर्धेसाठीची अचूक बुलेट, बसवायचे, त्याला इकडे मेक्सिकन मॅच म्हणतात, मग त्या काढलेल्या साध्या बुलेटचं काय करायचं, त्या अशाच कुणाच्या तरी डब्यात जायच्या.

रेंजच्या मातीच्या ढिगातून उकरून काढलेल्या, एकदा झाडलेल्या बुलेट मात्र परत वापरायच्या नसतात. त्यावर बॅरलचे आटे कोरलेले असतात, आकार गेलेला असतो. काही लोक त्यातलं शिसं वितळवून नवीन ओततात, तो पूर्ण वेगळा उद्योग आहे आणि मी त्याच्या वाटेला जात नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट जी अमेरिकन मार्गदर्शनात सापडणार नाही, कारण त्यांना गरजच नसते. तुम्ही एच-वन, एच-फोर किंवा एफ-वन वर असाल तर थांबा. इथल्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि अॅम्युनिशन बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. आणि गंमत म्हणजे त्या कायद्यात "अॅम्युनिशन" या शब्दात नुसती बुलेट, नुसती पुंगळी, नुसता प्रायमर, नुसती दारू हे सगळं येतं. म्हणजे "माझ्याकडे बंदूक नाही, फक्त बुलेटचा डबा आहे" हे उत्तर चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कशालाही हात लावला नव्हता, मित्राच्या टेबलावर बसून नुसतं बघायचो. तुमचं स्टेटस मधलं काहीतरी असेल तर वकिलाला विचारा, शंभर डॉलरची बुलेट वाचवताना ग्रीन कार्डची फाईल पणाला लावू नका. राज्याराज्याचे नियम आणखी वेगळे असतात ते वेगळंच.

आणि भारतात हे करता येईल का, तर नाही. १९५९ च्या आर्म्स अॅक्टप्रमाणे लायसन्सशिवाय अॅम्युनिशन बनवणं गुन्हा आहे आणि त्यात अॅम्युनिशनचे सुटे भागसुद्धा धरलेत. तेव्हा हे सगळं इथलं, इथेच.

चला, आता खोका उघडू.

माझी आई तांदूळ निवडायची तेव्हा सूप मांडीवर घेऊन आधी एकदा नुसती नजर फिरवायची, मग पाखडायची, मग खडे. एकदम सगळं बघायला गेलं की काहीच दिसत नाही असं म्हणायची. बुलेटचं तंतोतंत तसंच आहे. एका बुलेटवर पाच तपासण्या करून मग दुसरी उचलली तर तासाभरात डोळे फिरतात आणि चुका होतात. एका वेळी एकच दोष शोधायचा आणि सगळा ढीग त्या एका चाळणीतून काढायचा. मी चार रिकामे आइस्क्रीमचे डबे घेतो, खाली जुना टॉवेल अंथरतो म्हणजे घरंगळत नाहीत, वर चांगला दिवा. आणि हातात नायट्राइलचे हातमोजे. या बुलेटचा तळ बऱ्याचदा उघडा असतो म्हणजे तिथे शिसं थेट बोटाला लागतं.

पहिली चाळण रंगाची. टोकाला रंग आहे का बघा. अमेरिकन लष्करी मालात नारिंगी टोक म्हणजे ट्रेसर, ज्याच्या बुडात जळणारा मसाला भरलेला असतो. काळं टोक म्हणजे आर्मर पिअर्सिंग, चिलखत भेदणारी. निळं किंवा चंदेरी म्हणजे आग लावणाऱ्या जाती. यातलं काहीही आपल्या कामाचं नाही, रेंजवर चालत नाही, आणि आर्मर पिअर्सिंगच्या बाबतीत कायद्याच्या वेगळ्या भानगडी आहेत. .२२३ कॅलिबरची रायफल वापरणाऱ्यांसाठी हिरवं टोक म्हणजे एम-८५५, ६२ ग्रेन, टोकाजवळ आत स्टीलचा तुकडा असलेली. २०१५ साली एटीएफने (बंदुका-काडतुसांवर देखरेख ठेवणारं फेडरल खातं) या हिरव्या टोकावर बंधन आणायचा प्रस्ताव काढला होता, एवढा गदारोळ झाला की काही आठवड्यात मागे घेतला, पण तेवढ्या दिवसात दुकानातली शेल्फं रिकामी झाली होती. आणि इथेच एक सापळा आहे, सोव्हिएत बनावटीच्या मालात हिरवं टोक म्हणजे ट्रेसर! त्यांची रंगांची बाराखडीच वेगळी. म्हणून माल कुठल्या देशाचा हे माहीत नसेल तर रंग दिसला की बाजूला, अर्थ लावत बसायचं नाही.

रंग पुसला गेलेला असू शकतो, कारण विकणारे बुलेट टम्बलरमध्ये घासून चमकवतात. म्हणून टोकानंतर तळ बघायचा. साध्या एफएमजे (आत शिसं, बाहेरून धातूचं कवच) बुलेटच्या तळाला करडं, गुळगुळीत शिसं दिसतं. ट्रेसरच्या तळाला शिसं नसतं, तिथे खळगा किंवा भरलेला मसाला दिसतो, आणि शेजारी उभी करून बघितली तर ती लांबीलाही जास्त भरते. माझ्या पहिल्या हजारात तीन निघाल्या, टोकाला नखाएवढीही नाही इतकी पुसट नारिंगी छटा होती, पावडर सांडल्यासारखी. विकणाऱ्याने "फक्त बॉल", म्हणजे फक्त साध्या लष्करी बुलेट, असं लिहिलं होतं. त्या तीन मी वेगळ्या बाटलीत ठेवल्या, शेरीफच्या ऑफिसला इमर्जन्सीचा नाही तो साधा नंबर लावून विचारलं आणि नेऊन दिल्या. कचऱ्यात टाकायच्या नाहीत, उघडून बघायच्या तर अजिबातच नाहीत.

दुसरी चाळण लोहचुंबकाची. फ्रिजवरचा चपटा नको, जरा ताकदीचा घ्या आणि दोऱ्याला टांगा, म्हणजे हलकी ओढसुद्धा दिसते. बाहेरून तांबूस दिसणारी बुलेट आतून तांब्याची असेलच असं नाही, बऱ्याच लष्करी बुलेटच्या जॅकेटला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, स्टीलवर तांब्याचा मुलामा असतो. ७.६२ नाटोच्या (.३०८ चं लष्करी भावंड) एम-८० बुलेटमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, पूर्ण तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेटही आणि मुलाम्याचं स्टीलही, दिसायला जुळ्या बहिणी. सगळ्या अंगाला चुंबक ओढत असेल तर जॅकेट स्टीलचं, फक्त टोकाशी ओढत असेल तर आत स्टीलचा तुकडा.

चुंबकाला चिकटली म्हणजे वाईट असं नाही, पण बऱ्याच रेंजवर चुंबकाला चिकटणारा माल चालत नाही. तिथला माणूस खिशात चुंबक घेऊनच फिरतो. कारणं खरी आहेत, स्टीलच्या टार्गेटला खड्डे पडतात, इनडोअर रेंजची मागची भिंत खराब होते, आणि उन्हाळ्यात वाळकं गवत पेटतं. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने २०१३ मध्ये यावर प्रयोगच केले होते, स्टीलच्या प्लेटवर बुलेट झाडून खाली वाळवलेलं पीट (दलदलीतला कुजलेला पाला) ठेवून बघितलं, तर स्टीलचा भाग असलेल्या आणि पूर्ण तांब्याच्या बुलेटने आग लागायचं प्रमाण जास्त आलं. माझ्या हजारातल्या २१२ चुंबकाला चिकटल्या. म्हणजे पाचातली एक, क्लबच्या दृष्टीने बाद. विकत घेतानाच "नॉन मॅग्नेटिक" असं लिहिलंय का बघायचं ही अक्कल मला त्या दिवशी आली. त्या २१२ मी फेकल्या नाहीत, एका मित्राच्या शेतावर ओल्या मातीचा उंच बांध आहे तिकडे पावसाळी दिवसात कागदावर वापरतो.

आता मापाकडे. कॅलिपर चालतो पण मायक्रोमीटर असेल तर उत्तम. आपल्यातले जे भोसरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर उमेदवारी करून आलेत त्यांना व्हर्निअर आणि मायक्रोमीटरमधला फरक सांगायला नको, मी दोन वर्षं तेच केलंय आणि तो हात अजून गेलेला नाही, थिंबल फिरवताना किती दाब द्यायचा हे बोटं विसरत नाहीत.

मोजायचं कशासाठी, तर कॅलिबरचं नाव आणि खरा व्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पोलिसांच्या जुन्या "थ्री नॉट थ्री"चं नाव ३०३ पण तिची बुलेट मोजली तर साधारण ०.३११ इंच भरते. रशियन ७.६२ ची सुद्धा ०.३१०-०.३११ च्या आसपास. आणि माझ्या .३०८ ला लागते ती ०.३०८ इंच म्हणजे ७.८२ मिलिमीटर. तीन हजारांश इंचाचा फरक डोळ्यांना दिसणं शक्यच नाही, पण मोठी बुलेट लहान बॅरलमध्ये गेली तर प्रेशर वाढतं, आणि प्रेशर ही या छंदातली एकमेव गोष्ट आहे जिच्याशी मस्करी चालत नाही. मिक्स लॉटमध्ये "३० कॅलिबर" एवढंच लिहिलेलं असतं आणि दोन्ही जाती एकत्र आलेल्या मी बघितल्यात. ०.३०८ च्या वर काहीही भरलं की माझ्यापुरतं बाद, ते दाबून लहान करायचे उपाय लोक करतात, मी करत नाही.

मोजताना एकदा मोजून सोडायचं नाही. बुलेट नव्वद अंशात फिरवून परत मोजा. का, तर ओढताना जे कॉलेट बुलेटला गच्च पकडतं त्याच्या चिमट्याने ती लंबगोल होते. एका बाजूने ०.३०८, दुसरीने ०.३०६५. अशी बुलेट पुंगळीच्या तोंडात सैल बसते. माझ्या २७ अशा निघाल्या. सगळ्या हजार मोजायचा कंटाळा येणार हे मला माहितीये, मी काय करतो, प्रत्येक पन्नासातल्या दहा मोजतो आणि त्यात एक जरी वाकडी आली तर ते पन्नास सगळे मोजतो. पण पुलरच्या खुणा ठळक असतील तर सुटका नाही, एकेक मोजायची.

खुणांवरून आठवलं, नवीन माणूस सगळ्यात जास्त घाबरतो ते या ओरखड्यांना आणि टोकावरच्या खळग्यांना. दिसायला भयंकर, अगदी कुणीतरी पक्कडने ओढल्यासारख्या, पण कागदावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. खरी बिघडवते ती तळाची कड. बुलेट बॅरलच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी मागचा गॅस तळाच्या कडेवरून सुटतो, कड एका बाजूला चेपलेली असेल तर गॅस तिथून आधी सुटतो आणि बुलेटला तिरका धक्का बसतो, मग १०० यार्डावर ती कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून मी टोकाकडे दोन सेकंद बघतो आणि तळाकडे दहा. बुलेट आडवी ठेवून काचेवर लोळवली की डुगडुगणारी लगेच कळते. माझ्या ३१ बुलेटच्या तळाला चेप होता, त्या गेल्या. टोकाला खळगा असलेल्या ४४ होत्या, त्या ठेवल्या, पहिले पाच-दहा राऊंड वॉर्म-अपला जातात त्यात वापरल्या.

वजनाचं थोडक्यात सांगतो. ग्रेन म्हणजे किती तर सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम अर्ध्याएवढा, ०.०६५ ग्रॅम. डिजिटल काट्यावर माझा लॉट १४५.८ पासून १४८.१ पर्यंत पसरलेला होता. एका बुलेटला दुसरीशी मिळतंजुळतं ठेवायचं एवढाच हेतू, म्हणून दोनच ढीग केले, १४७ च्या खालचे आणि वरचे. दशांशाच्या मागे लागून सात ढीग करणारे लोक मी बघितलेत, लष्करी बॉल बुलेटसाठी ते म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाला सोनाराचा काटा. पण एक फायदा नक्की, भलतीच जात लगेच पकडली जाते. माझ्या ढिगात काही १५१-१५२ च्या आल्या, दिसायला तशाच पण तळ सपाट, बाकीच्यांचा तळ मागे निमुळता होता. त्या वेगळ्या डब्यात, वेगळं लेबल लावून. एकाच बॅचमध्ये दोन जाती मिसळल्या तर टार्गेटवर दोन वेगळे घोळके दिसतात आणि माणूस आठवडाभर आपल्या श्वासाला आणि ट्रिगरला दोष देत बसतो. मी बसलो होतो.

साफसफाई. लष्करी राऊंडमध्ये पुंगळीच्या तोंडाशी पाणी शिरू नये म्हणून डांबरासारखं काळं सीलंट लावलेलं असतं, ते बुलेटच्या मधोमध पट्ट्यासारखं चिकटून येतं. जाड थर असेल तर व्यासही चुकीचा भरतो, म्हणून खरं म्हणजे हे मोजण्याआधी करायला हवं, मी इथे उशिरा सांगतोय. एका डब्यात बुलेट, त्यावर बुडेल एवढं मिनरल स्पिरिट (रंगाचं थिनर असतं तसं), रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या टॉवेलमध्ये घोळायचं. हे गॅरेजचं शटर उघडं ठेवून आणि वॉटर हीटरपासून लांब करा, त्याच्या वाफा पेट घेतात. टम्बलरमध्ये मक्याच्या कणसाच्या भुशात घासलं तर चकाकतात, पण त्या भुशात शिशाची धूळ उतरते आणि झाकण उघडलं की नाकात जाते. चकाकीने नेम सुधारत नाही. मी टम्बलर सोडून दिला.

शिशाबद्दल इकडे एक दमात बोलून घेतो. स्वयंपाकघरात हे काम नको, डायनिंग टेबलावर नको, काम करताना चहा-बिस्किट नको, आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे गॅरेजमधले कपडे आणि बूट घरात आणायचे नाहीत. हात आधी गार पाण्याने साबण लावून धुवायचे. वर्षातून एकदा डॉक्टरला सांगून रक्तातलं लेड तपासून घेतो, साधी टेस्ट आहे.

आता निवडलेल्या बुलेट राऊंडमध्ये बसवणं. इथे मी दारूचा आकडा सांगणार नाही आणि कुणी चॅटवर किंवा व्हॉट्सअॅपवर सांगितला तर घेऊही नका. लायमन, हॉर्नडी, सिएरा, यापैकी कुणाचंही छापील मॅन्युअल घ्या, एक नाही दोन घ्या, आणि पहिले काही महिने क्लबमधल्या एखाद्या जुन्या माणसाशेजारी बसून शिका, असे लोक प्रत्येक क्लबमध्ये असतात आणि शिकवायला आनंदाने तयार असतात, फक्त कॉफी पाजावी लागते. मी फक्त पुल्ड बुलेटमुळे काय बदलतं तेवढं सांगतो.

एक, मॅन्युअलमध्ये तुमची नेमकी बुलेट नसणार कारण तिला नाव-गाव नाही. तेव्हा त्याच वजनाच्या किंवा थोड्या जास्त वजनाच्या एफएमजे बुलेटचा डेटा धरायचा आणि अगदी सुरुवातीच्या आकड्यापासून चालू करायचं. १४७ च्या बुलेटला १५० चा सुरुवातीचा डेटा चालतो, जड बुलेटला हलकीचा डेटा कधीच नाही. कागदावर भोकं पाडायला सुरुवातीचा लोडच पुरतो, खांद्यालाही बरा आणि दारूही कमी जाते. लष्करी वेगाची बरोबरी करायला गेलं तर स्वस्ताईचा सगळा मुद्दाच संपला.

दोन, ओढलेली बुलेट पुंगळीत घट्ट बसते का हे प्रत्येक लॉटला बघायचं. आधी दारू नाही, प्रायमर नाही अशी डमी बनवायची, टोक टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने जोर लावायचा, मग लांबी परत मोजायची. बुलेट आत सरकली असेल तर तो लॉट त्या सेटिंगवर वापरायचा नाही. सरकलेली बुलेट म्हणजे आतली जागा कमी, जागा कमी म्हणजे प्रेशर जास्त. सेमी-ऑटोमध्ये हे जास्त जपायचं, तिथे प्रत्येक राऊंड मॅगझिनमधून धाडकन पुढे आदळतो. .३०८ च्या राऊंडची कमाल लांबी २.८१० इंच, आणि लष्करी बुलेटला मध्ये जी बारीक दातेरी खाच असते तिच्यापाशी पुंगळीचं तोंड येईल एवढं बसवलं की साधारण त्याच्या आतच राहतं, तिथेच हलकीशी क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड जरा आत दाबायचं.

तीन, मोडीत काढलेल्या मालातली दारूही लोक विकतात. स्वस्त असते. मी घेत नाही आणि मला राग येईल असं वागायचं असेल तरच तुम्ही घ्या. बुलेटवर मायक्रोमीटर लावता येतो, चुंबक लावता येतो, दारूच्या दाण्याकडे बघून ती कुठली, किती जुनी, कशी साठवली हे कुणालाही कळत नाही.

.२२३ वाल्यांसाठी एवढंच, ५५ ग्रेनची एम-१९३ जातीची बुलेट बहुतेक सगळ्या बॅरलमध्ये चालते, ६२ ग्रेनची ती हिरव्या टोकाची लांब असते आणि जुन्या १२ इंचात एक पीळ असलेल्या बॅरलमध्ये आडवी पडते, कागदावर भोक न पडता चक्क बुलेटच्या बाजूचा ठसा उमटतो.

रेंजवर मी एक प्रयोग केला होता. लॉटमधून न निवडलेल्या, जशा हाताला लागतील तशा दहा, आणि निवडलेल्या दहा, बाकी सगळं सेम. पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा मोजायचा, १०० यार्ड, पुढे सॅन्डबॅग. न निवडलेल्यांचे साधारण चार इंच आले. निवडलेल्यांचे अडीच. त्याच रायफलमधून महागाची मॅच बुलेट इंचाच्या आसपास येते, तेव्हा अडीच इंच म्हणजे काही फार मोठा तीर नाही, पण उभं राहून, बसून, श्वास धरून ट्रिगर शिकायला भरपूर झाला, कारण उभं राहून मी मॅच बुलेटनेही आठ इंचाच्या आत राहत नाही.

पैशाचा हिशोब प्रामाणिकपणे मांडायला पाहिजे, जाहिरातीत तो कुणी मांडत नाही. हजार बुलेट १३० डॉलर, वर पोस्टेज १८, एकूण १४८. म्हणजे नग पंधरा सेंटच्याही आत वाटतो. पण २१२ चुंबकाच्या, ३ ट्रेसर, ३१ तळ चेपलेल्या, २७ लंबगोल, एकूण २७३ गेल्या, उरल्या ७२७. १४८ भागिले ७२७, वीस सेंटच्या थोडं वर. मी घेतल्या तेव्हा नवीन साधी एफएमजे तीस सेंटच्या आसपास पडत होती. म्हणजे वाचले नगामागे दहा सेंट, हजारी सत्तर-पंचाहत्तर डॉलर, आणि निवडण्यात गेल्या चार संध्याकाळी. चार संध्याकाळी रेडिओवर जुनं नाट्यसंगीत लावून बुलेट निवडायला ज्याला आवडतं त्यानेच या भानगडीत पडावं, ज्याला तासाचा दर काढायची सवय आहे त्याने नवीन घ्याव्यात. दुसऱ्या वेळी मी नॉन मॅग्नेटिक, एकाच जातीचा लॉट घेतला, नग दोन सेंट महाग होता आणि बाद निघाल्या फक्त ३८. तो खरा स्वस्त पडला.

मागवताना बुलेट नुसत्या असतील तर पोस्टाने साध्या पार्सलसारख्या येतात, दारू आणि प्रायमरला मात्र धोकादायक मालाचा वेगळा खर्च लागतो, तेव्हा तिन्ही एकत्र मागवून पोस्टेज वाचवू असा हिशोब करू नका, उलटा पडतो.

एक जाता जाता. आमच्या क्लबमध्ये एक म्हातारा आहे, व्हिएतनामला जाऊन आलेला, त्याच्याकडे जुन्या सरप्लसचं एक खोकं होतं. रिकाम्या पुंगळ्या निवडताना एकीच्या बुडावर अक्षरं दिसली, ओएफव्ही. मी त्याला विचारलं हे कुठलं माहितीये का, तो म्हणाला इंडियन. मी म्हटलं इंडियन नव्हे रे बाबा, वरणगाव, भुसावळच्या शेजारी, माझ्या मावशीचं सासर तिथून अर्ध्या तासावर. जळगाव जिल्ह्यातल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची पुंगळी ओहायोत माझ्या हातात, केळीच्या बागांचा वास आल्यासारखं वाटलं. त्याने ती मला देऊ केली, मी हातात धरून परत ठेवली, कारण पुढच्याच महिन्यात मुंबईला जायचं होतं.

हे शेवटचं नीट वाचा. भारतात जाण्याआधी रेंजला नेलेली बॅग, जॅकेट, लॅपटॉपची सॅक, काहीही बरोबर नेऊ नका. एक विसरलेली बुलेट किंवा पुंगळी कोपऱ्यात राहिली आणि मुंबई-दिल्लीच्या एक्सरेत दिसली तर आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, पुढे कोर्टात "मला माहीतच नव्हतं" हे सिद्ध करून लोक सुटतातही, पण तोपर्यंत फ्लाइट गेलेली असते, सुट्टी गेलेली असते आणि वकिलाची फी गेलेली असते. माझी रेंजची बॅग भडक केशरी रंगाची आहे, गॅरेजच्या बाहेर ती कधीच येत नाही, आणि प्रवासाच्या बॅगा बायको भरते, मला हात लावू देत नाही.